खालचं वाचता आलं पाहिजे

४ मार्च, सोमवार

नावं लिहायची नाहीत. एवढी एकच अट. बाकी मनात येईल ते लिहा, म्हणाली ती प्रशिक्षणवाली.

तर लिहिते. आजपासून मी ‘गोपनीयता रक्षक’. कालपर्यंत नुसती रेकॉर्ड विभागाची प्रमुख होते. काम तेच, खिडकी तीच, खुर्चीचा मोडका हातही तोच. एक बिल्ला तेवढा वाढला. पेशंटची फाईल कोणी उघडायची, कोणी नाही, आणि कोणी उगाच उघडली किंवा बाहेर बोललं तर नोंदवहीत लिहून वर कळवायचं. म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलशी वाकडं घ्यायचं, तेही सहीशिक्क्यानिशी!

अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय ‘गोपनीयता जपणाऱ्यांना आधार’. आधार म्हणून दोन बिस्किटं, एक फोन नंबर आणि हा सल्ला. तुम्हाला कोणाशी बोलता येणार नाही, घरीसुद्धा नाही, तेव्हा साचलं की वहीत ओता. फक्त नावं वगळा. शेवटी मोठे साहेब येऊन म्हणाले, “तुमच्या मागे आम्ही सगळे आहोत.” भोंगा माझ्या कानाशी पुटपुटला, “मागे म्हणजे बरेच मागे हं, बाई.” मला फस्सकन हसू आलं. सगळे वळून बघायला लागले.

भोंगा म्हणजे आमचा कारकून. एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर. तोंडाला उसंत नाही म्हणून भोंगा. त्याला हे नाव माहीत आहे. वर त्याचा अभिमान!

वही कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवणार. कुलूप नाही. या घरात माझं अक्षर वाचायची हौस कोणाला आहे?

५ मार्च

त्या नंबरवर फोन लावून पाहिला. नुसता वाजतो.

८ मार्च, शुक्रवार

नोंदवहीतली पहिली नोंद झाली. एका डॉक्टरची! पोरसवदा आहे, हुशार आहे, आणि तेवढाच आगाऊ. शिकाऊ मुलांपुढे केस मांडली. नाव काढलं, चेहरा काढला, आणि पडद्यावर काय लिहिलं? वय बावन्न, धंदा बेकरी, उजवा हात कोपरापासून नाही, आता दारूने यकृत गेलेलं.

मी म्हटलं, “डॉक्टर, एका हाताने भट्टी चालवणारे आपल्या गावात किती आहेत हो?”

“पण मॅडम, नाव कुठे आहे?”

“नाव काढलं म्हणजे माणूस निघून जात नाही.”

“तुम्ही फार ताणता बुवा!”

ताणतेच. तो बेकरीवाला उद्या भट्टीपाशी उभा असेल आणि गिऱ्हाईक त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघेल, तेव्हा हा डॉक्टर कुठे असेल?

नोंद करताना राग आवरेना. तारीख चुकली. मी खसाखसा खोडायला गेले तर भोंग्याने पेन धरलं. “बाई! गिरबटायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी सही. खालचं वाचता आलं पाहिजे.” नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यानेच शिकवलं होतं. रेकॉर्डमधली चूक लपवायची नसते, ती चूक म्हणून दिसली पाहिजे. इतक्या वर्षांनी पुन्हा शिकवलं, आणि मग दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला, आमच्या बाईंना अजून खोडता येत नाही म्हणून!

१२ मार्च, मंगळवार

आज खिडकीशी एक बाई आली. नाव नाही लिहिणार, काय करते तेही नाही. तिला पिवळी छत्री म्हणते. ऊन असो नसो, छत्री हातात. एका काडीचं टोक सुटलेलं, ते तिने निळ्या दोऱ्याने बांधलंय. मी तिला ओळखते, ती मला ओळखते. खिडकीत दोघींनीही ओळख दाखवली नाही.

“माझ्या फाईलमधली जुनी पानं फाडता येतील का, मॅडम?”

बावीस वर्षांपूर्वीची पानं. बाळंत झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिच्या डोक्यात भलतंच यायला लागलं. बाळाला आपल्या हातून काही होईल. झोप नाही, ध्यानीमनी तेच. एका सकाळी तिने मूल शेजारणीच्या हातात दिलं, “हिला माझ्यापासून लांब ठेवा” म्हणाली, आणि सपाता घालून चालत इथे आली. एकटी! मनोविकार विभागात चार महिने राहिली. बरी होऊन गेली. रात्रीची एक गोळी अजून चालू आहे, डॉक्टरांचा शेरा आहे: पूर्ण ठणठणीत. ती मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते.

मी विचार करत बसले. किती जणींना सुचलं असतं मूल दुसऱ्याच्या हातात देऊन निघायचं? मला सुचलं असतं? आणि हिला वाटतं ही लाजेची पानं आहेत.

म्हटलं, फाडता नाही येत. पण पाकिटात घालून बंद करता येतात. पाकिटाच्या तोंडावर मी सही करते, माझ्या सहीशिवाय कोणी उघडणार नाही.  तिने पर्स उघडून बाळाचा एक मोजा दाखवला. लोकरीचा, माझ्या अंगठ्याएवढा. त्या सकाळी घाईत तिच्या मुठीत राहून गेलेला. चार महिने उशीखाली होता, आता पर्समध्ये असतो. “वेडी म्हणाल,” म्हणाली. मी म्हटलं, नाही म्हणणार.

भोंग्याने पानं लावून पाकिटात घातली, मी तोंडावर सही केली. जाताना तिने छत्री उघडली तेव्हा मला फार बरं वाटलं. या कामात असं बरं वाटणं महिन्यातून एकदा. म्हणून एवढं लांबण लावलं.

१५ मार्च

दुपारभर एक फाईल शोधली. होती माझ्याच बगलेत! भोंगा ओरडला, “काखेत कळसा नि गावाला वळसा!” आणि तीन मजले ऐकू गेला.

घरी नातीला सर्दी. ते गुलाबी औषध जिथे तिथे सांडतंय, बाटली चिकट, दाराची कडी चिकट. सुनेने बाटली टॉवेलांच्या कपाटात वर ठेवली, पोरीचा हात पोचू नये म्हणून.

१९ मार्च

सर्दी गेली तरी सून कालपासून रजा घेऊन घरी. म्हणे, अशक्तपणा आहे, आठवडाभर पोरीला कुठे नको. तिची आई आली आहे मदतीला. विहीणबाई आल्या की माझं स्वयंपाकघर माझं राहत नाही. असो. पोर तरी हसतेय.

२५ मार्च, सोमवार



सकाळी दुकानात पुढे दोघी जणी उभ्या. एक म्हणाली, “वेड्यांच्या वॉर्डात होती गं! स्वतःच्या बाळाला मारायला निघालेली.” दुसरी म्हणाली, “मेलंच ते बाळ. त्याचा मोजा अजून पर्समध्ये घेऊन फिरते म्हणे.” आणि मग नाव घेतलं. नाव, आडनाव, गल्ली.

आता झाकून काय उपयोग? ती पिवळी छत्री पाळणाघर चालवते. आमच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि ओटा. अकरा मुलं. दीड वर्ष माझी नात तिच्याकडे जाते. बारा तारखेला हे सगळं कळलं, त्याच संध्याकाळी मी नातीला तिथून आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच नेऊन सोडलं. एकदासुद्धा छातीत धडधडलं नाही. उलट वाटलं, पोर योग्य हातात आहे. घरी कोणाला अवाक्षर बोलले नाही. बोलायचं नसतंच.

दुपारी ती खिडकीशी आली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

“अकरातली आठ गेली, आजी.”

पाळणाघराच्या दारात ती मला आजी म्हणते. हॉस्पिटलच्या खिडकीत पहिल्यांदाच म्हणाली.

“तुम्ही म्हणाला होतात पाकीट बंद आहे.”

मी उठले, कपाट उघडलं, पाकीट दाखवलं. बंदच होतं. सही जशीच्या तशी. ती बघून म्हणाली, “मग माझं घर कसं उघडं पडलं?” 

२६ मार्च

फाईल कोणी कोणी उघडली, त्याची यादी कॉम्प्युटर देतो. गेल्या सहा महिन्यांत मनोविकारचे डॉक्टर दोनदा, तेही जानेवारीत. मग बारा मार्चला मी. बारा मार्चला भोंगा. बास.

डॉक्टर महिनाभर परगावी आहेत. मी सांगितलेलं नाही. मग उरतं कोण?

मोठे साहेब म्हणाले, “अहो, त्याचं नावच भोंगा! याहून पुरावा काय हवा?”

२८ मार्च, गुरुवार

भोंग्याला समोर बसवून विचारलं. दार लावून. टेबलावर नोंदवही. तो आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग हसू थांबलं.

“बाई, मी बडबडतो. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं कुत्रं कोणाला चावलं, सगळं बडबडतो. पण एकोणीस वर्षांत फाईलमधलं एक अक्षर तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंय?”

मला आठवेना. खरंच एकही प्रसंग आठवेना. मी म्हटलं, आठवण हा पुरावा नाही, यादी हा पुरावा आहे.

“यादीत तुम्हीपण आहात.”

“मी सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे.”

“आणि मी सांगितलेलं नाही हे मला माहीत आहे. मग?”

  तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली. “चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, बाई. द्या. पण नोंद करताना तारीख चुकवू नका.”

२ एप्रिल, मंगळवार

अहवाल दिला. त्याला आजपासून घरी बसवलं, चौकशी पुरी होईपर्यंत. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत त्याच्या. जाताना एक शब्द बोलला नाही. भोंगा, आणि एक शब्द नाही! किल्ली टेबलावर ठेवली, कोट काढला आणि गेला.

नोंदवहीत दुसरी नोंद. कोणी: त्याचं नाव. कुठून: रेकॉर्ड विभाग.  तारीख बरोबर लिहिली.

कपडे धुण्याच्या विभागातली मावशी जिन्यात म्हणाली, “ज्याने हाताला धरून शिकवलं, त्याचाच हात तोडलात.” चहाच्या वेळी मी गेले की तिथलं बोलणं थांबतं. मोठे साहेब भेटले. “कणखर आहात तुम्ही! आम्ही मागे आहोत.” त्या फोन नंबरवर पुन्हा लावला. आज उचलला! पलीकडची मुलगी म्हणाली, तुमची समस्या सविस्तर सांगा. मी म्हटलं, सांगता येत नाही हीच समस्या आहे. ती म्हणाली, मग ईमेल करा.

चिडचिड, चिडचिड नुसती. माझ्यावर, त्याच्यावर, त्या पिवळ्या छत्रीवरसुद्धा. कशाला दाखवलास बाई तो मोजा? मागितला होता मी?

६ एप्रिल, शनिवार

घरी मी हॉस्पिटलचं काही सांगत नाही, पण भोंग्याचं गावभर झालं. जेवताना हे म्हणाले, “जे केलंस ते नियमाने केलंस, झालं तर मग.” चिरंजीव मान खाली घालून जेवत होते. सुनेने विचारलं, “म्हणजे नक्की तोच होता ना, आई? सिद्ध झालं ना?” मी म्हटलं, यादी तेच सांगते. ती म्हणाली, “चला, बरं झालं, एकदाचं कळलं.” आणि माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. गेले पंधरा दिवस माझ्याशी फार गोड वागतेय. विहीणबाई गेल्या परवा. जाताना त्यांनीही माझे हात हातात घेतले. मला वाटलं, कोणाला तरी माझी कणव आली.

नात आता घरीच असते. सकाळी तिला सांभाळायला एक मुलगी ठेवली आहे. मी म्हटलं होतं, पाळणाघरात पाठव, मी सांगते ना. सून म्हणाली, “आई, तुमचं आपलं काहीतरीच.” पुढे बोलता येईना. कशाच्या जोरावर बोलू? मला काय माहीत आहे तेच सांगायचं नाही, तर भांडू कशी?

९ एप्रिल, मंगळवार

आज धीर करून पाळणाघरात गेले. माफी मागायला. माणूस पकडला, शिक्षा झाली, हे सांगायला.

खोली चकचकीत पुसलेली. अकरा खुंट्या, दहा रिकाम्या. अकरावीवर एक दप्तर. बेकरीवाल्याचा धाकटा एका कोपऱ्यात ठोकळे रचत होता. ती म्हणाली, “त्याच्या बापाने विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, माझ्याबद्दल लोक काय कमी बोलतात?”

मी भोंग्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“तो नसेल हो.”

“यादीत आहे.”

“पानांत मोजा आहे?”

मला कळलं नाही.

“मोजा, आजी. त्या पानांत मोज्याचं लिहिलंय? नाही लिहिलेलं. मी तेव्हा डॉक्टरांनाही दाखवला नव्हता, काढून घेतील म्हणून. माझ्या मुलीलाही माहीत नाही. बावीस वर्षांत मी तो एकाच माणसाला दाखवला.”

ठोकळे पडले. पोरगं पुन्हा रचायला लागलं. मी म्हटलं, भोंगा तिथेच होता, पाहिला असेल.

“तो आत होता, पानं आणायला गेलेला. खिडकीशी आपण दोघीच होतो.” मग ठोकळे उचलून देता देता म्हणाली, “आणि आणखी एक. सगळे म्हणतात पंचवीस तारखेच्या सुमारास बातमी फुटली. माझ्याकडची पहिली खुंटी अठरा तारखेला रिकामी झाली. तेव्हा गावात कोणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, खरंच सर्दी असेल.”

अठरा तारीख. माझी नात.

मी छत्रीकडे बघत होते. दारामागे टांगलेली होती. मिटलेली होती तरी निळा दोरा दिसत होता.

१० एप्रिल

मोठ्या साहेबांसमोर पाकीट फोडलं. चार पानं. चारदा वाचली. मोजा नाही.

साहेब म्हणाले, “आता कशाला उकरताय? प्रकरण मिटलंय.”

११ एप्रिल, गुरुवार

या वहीत बारा मार्चच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर गुलाबी अंगठा आहे. चिकट. पान मागच्या पानाला चिकटलेलं होतं. मी पुढे पुढे लिहीत गेले, मागे कशाला उलटते!

सुनेने नाकारलं नाही. रडली. “आई, पोटचं पोर आहे हो माझं. आणि मी कोणाला नाही सांगितलं, फक्त माझ्या आईला.” तिला काय बोलू? मला तर घरात कुलूपसुद्धा लावावंसं वाटलं नव्हतं. नाव काढलं म्हणून निर्धास्त होते. डॉक्टरला दम दिला, आणि छत्री, काडी, निळा दोरा, मोजा, सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. हौसेने!

वही आता आधी पाळणाघरात नेणार. साहेबांना दाखवायची की नाही, ते ती ठरवेल. मग भोंग्याच्या दारात. तो दार उघडेल न उघडेल.

सकाळी नोंदवही काढली. दुसऱ्या नोंदीत, ‘कोणी’ या रकान्यात, त्याच्या नावावर एक आडवी रेघ मारली. शेजारी सही. वर माझं नाव लिहिलं. ‘कुठून’ खाली: घरच्या कपाटातून.

गिरबटलं नाही. त्याचं नाव अजून वाचता येतं.